परमुलखात पोलिसाने अडवले तर

“जरा चहापाण्याचं बघा.”

हे शब्द ऐकले नाहीत असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. कोणी कचेरीत ऐकले असतील, कोणी नाक्यावर. आम्हांला पूर्वी वाटे, हे दुखणे आपल्याच मुलखाचे. पण कामासाठी समुद्रापलीकडे गेलो आणि तिथेही हेच शब्द कानी आले. तिथल्या भाषेत चहाला ‘चाय’ म्हणतात. आणि गंमत अशी, की लाचेलाही ‘चाय’च म्हणतात!

गंमत आज वाटते. त्या दिवशी वाटली नाही. त्या दिवशी आमच्या पोटात गोळा आला होता.

हल्ली खेड्यापाड्यांतली पुष्कळ माणसे कामासाठी परदेशी जातात. कोणी गवंडी, कोणी वायरमन, कोणी फिटर, कोणी ड्रायव्हर. तिथे भाषा निराळी, कायदा निराळा, ओळखीचे कोणी नाही. अशा वेळी एखादा लाचखाऊ पोलीस आडवा आला तर काय करावे? आमच्यावर हा प्रसंग दोनदा आला. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. दुसऱ्या वेळी सावरलो. दोन्ही गोष्टी तुम्हांला सांगतो.

तो मुलूख कोणता?

त्या देशाचे नाव केनिया. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हा देश आहे. नैरोबी ही राजधानी. मोंबासा हे मोठे बंदर. केनियावर पूर्वी इंग्रजांचे राज्य होते. १९६३ साली तो स्वतंत्र झाला.

आपला आणि त्या मुलखाचा संबंध जुना आहे. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून आत आगगाडी नेली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. बहुतेक पंजाबकडचे. पुष्कळ मेले, पुष्कळ परत आले, काही तिथेच राहिले. पुढे गुजराती दुकानदार गेले. नैरोबीत आज महाराष्ट्र मंडळही आहे. २०१७ साली केनियाच्या सरकारने तिथल्या आपल्या वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

तिथली बोली स्वाहिली. ती ऐकताना मधेच ओळखीचे शब्द भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, हिशेबाला ‘हेसाबू’ आणि वकिलाला ‘वाकिली’. कचेरीत इंग्रजीही चालते.

आमच्या कारखान्याने आम्हांला तिथे एक महिन्यासाठी पाठवले होते. नैवाशा नावाचे गोड्या पाण्याचे मोठे तळे आहे. त्याच्या काठाने गुलाबाचे मळे आहेत. तिथली फुले विमानाने युरोपात जातात. अशा एका मळ्यावर आम्हांला पाण्याचे पंप बसवायचे होते. बरोबर एक तरुण जोडीदार होता. तो परदेशी पहिल्यांदाच आलेला. घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले. महिन्याचा भत्ता साठवून तो लग्नाला पाठवणार होता.

पहिला दिवस: आम्ही चुकलो

एका शुक्रवारी आम्ही नैवाशाहून नैरोबीला निघालो. पंपाचा एक सुटा भाग आणायचा होता. रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा. मधे मोठा घाट. गाडी भाड्याची. ड्रायव्हर तिथलाच, वयाने मोठा. त्याला आम्ही ‘म्झे’ म्हणत असू. म्हणजे आपल्याकडचे ‘बाबा’.

घाटाच्या अलीकडे पोलिसांचा नाका होता. रस्त्यावर लोखंडी खिळ्यांच्या पट्ट्या टाकलेल्या. एका शिपायाने हात दाखवला. गाडी थांबली. त्याने आत डोकावून पाहिले.

जोडीदाराने पट्टा बांधला नव्हता. पासपोर्ट मागितला, तर तोही जवळ नव्हता. लॉजवर पेटीत ठेवून आला होता.

शिपाई इंग्रजीत म्हणाला, “दोन गुन्हे झाले. आज शुक्रवार आहे. कोर्ट आता सोमवारी. तोवर कोठडीत बसा. मग तुमच्या देशाला परत पाठवू.”

जोडीदाराचा चेहरा पांढरा पडला. “दादा, देऊन टाकू या हो,” तो म्हणाला. “कोठडीत गेलो तर नोकरी जाईल. घरी काय तोंड दाखवू?”

शिपायाने १० हजार शिलिंग मागितले. घासाघीस होऊन ३ हजारांवर आला. नोटा ड्रायव्हरच्या लायसनच्या घडीत घालून दिल्या. पट्ट्या बाजूला झाल्या. पावती नाही, नोंद नाही, काही नाही.

म्झे गाडी चालवत होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता त्याला ही गाडी पाठ झाली.”

दुसरा दिवस: आम्ही सावरलो

त्याचे बोलणे खरे ठरले. पुढच्या मंगळवारी पुन्हा नैरोबीला जावे लागले. नाका तोच, शिपाई तोच. गाडी पाहून तो हसला. “या, दोस्त!” म्हणाला. जणू उधारीची वसुलीच करायची होती.

या वेळी सर्वांचे पट्टे बांधलेले होते. पासपोर्ट जवळ होते. कामाचा परवाना होता, कंपनीचे पत्र होते. शिपायाने कागद उलटेपालटे केले. मग म्हणाला, “हा परवाना खोटा दिसतो. पाहा काय करायचं ते. नाहीतर ठाण्यावर चला.”

जोडीदाराचा हात पुन्हा खिशाकडे गेला. आम्ही तो धरला. पाय आमचेही कापत होते. पण म्हटले, “चला ठाण्यावर. तिथे वहीत नोंद करा. आमच्या मालकाला फोन करू द्या.”

शिपाई एकदम गप्प झाला. दुसऱ्या शिपायाशी काही बोलला. मग आम्हांला उन्हात तासभर उभे केले. वाटले असेल, कंटाळून देतील. आम्ही दिले नाहीत. शेवटी त्याने ठाण्यावर नेले. तिथे बाकावर आणखी तीन तास गेले. दुपारी ठाण्याच्या मुख्य अधिकारी बाई आल्या. त्यांनी कागद पाहिले. मळ्यावर फोन लावला. मग म्हणाल्या, “कागद बरोबर आहेत. जा तुम्ही.” त्यांनी एक पैसाही मागितला नाही.

त्या दिवशी आमचे काम बुडाले. उपास घडला. मळेवाल्याची बोलणी खाल्ली. पण पुढे त्या नाक्यावर आमची गाडी कोणी अडवली नाही.

आता तुम्ही विचाराल, पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फरक काय पडला? शिपाई तर तोच होता. फरक आमच्यात होता. पहिल्या दिवशी आमच्या खिशात कागद नव्हता आणि मनात भीती होती. दुसऱ्या दिवशी भीती होतीच, पण खिशात कागदही होता.

दंड कोणता आणि लाच कोणती?

चूक केली तर दंड भरावा लागतो. त्यात लाज नाही. आमच्या जोडीदाराने पट्टा बांधला नव्हता, ही चूकच होती. पण दंड सरकारचा असतो. तो कोर्टात किंवा सरकारी खात्यात भरतात. त्याची पावती मिळते. रस्त्यात शिपायाच्या हातावर ठेवलेली नोट सरकारकडे जात नाही. ती त्याच्या खिशात जाते.

तेव्हा ओळखण्याची खूण सोपी आहे. पावती मिळते तो दंड. पावती मिळत नाही ती लाच. स्वाहिलीत पावतीला ‘रिसिटी’ म्हणतात. हा एक शब्द पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट. लाच घेणाराच गुन्हेगार असतो असे नाही. देणाराही असतो. केनियाने २०१६ साली लाचेविरुद्ध कायदा केला. त्यात लाच देणाऱ्यालाही १० वर्षांपर्यंत कैद, ५० लाख शिलिंगपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्याकडेही २०१८ साली कायदा बदलला. आता लाच देणाराही दोषी धरतात. कोणी बळजबरीने द्यायला लावली, तर ७ दिवसांच्या आत कळवले पाहिजे. मग देणाऱ्याला शिक्षा नाही.

म्हणजे त्या शुक्रवारी आमच्याकडून काय झाले ते पाहा. पट्ट्याचा लहान गुन्हा झाकायला आम्ही मोठा गुन्हा केला. उंदराला भिऊन सापाच्या बिळात हात घातला.

शिपायाची धमकी किती खरी, किती खोटी?

लाचखाऊ माणूस सगळेच खोटे बोलत नाही. थोडे खरे, थोडे खोटे मिसळतो. आपल्याला कायदा ठाऊक नसतो, म्हणून आपल्याला सगळेच खरे वाटते. म्हणून कायदा थोडा समजून घेऊ.

केनियाची नवी राज्यघटना २०१० साली आली. अटक झालेल्या माणसाचे हक्क त्यात लिहून ठेवले आहेत. ते हक्क परदेशी माणसालाही आहेत.

अटक का केली, हे त्याला समजेल अशा भाषेत लगेच सांगितले पाहिजे. त्याला गप्प राहण्याचा हक्क आहे. वकिलाशी आणि मदत करणाऱ्या माणसाशी बोलण्याचा हक्क आहे. गुन्हा कबूल करायला त्याला कोणी भाग पाडू शकत नाही. त्याला २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभे केले पाहिजे.

आता शुक्रवारची मेख पाहा. २४ तास सुट्टीत पुरे झाले, तर कोर्ट ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी नेतात. शनिवारी, रविवारी कोर्ट बंद. म्हणून लाचखाऊ शिपायाला शुक्रवार फार आवडतो. ‘सोमवारपर्यंत कोठडी’ म्हटले की माणूस घाबरतो आणि खिसा उघडतो. इथवर शिपायाचे बोलणे अर्धे खरे.

पण उरलेले अर्धे तो सांगत नाही. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे, किंवा ६ महिन्यांपर्यंतच कैद आहे, त्यासाठी माणसाला कोठडीत डांबून ठेवू नये, असे तीच घटना सांगते. शिवाय ठाण्यावरूनही जामीन मिळू शकतो. नुसता मुचलका लिहून दिला तर त्याला पैसे पडत नाहीत. रोख रक्कम ठेवायला सांगितली, तर तिची पावती मिळाली पाहिजे. खटला संपेपर्यंत तुम्ही ठरल्या तारखांना हजर राहिलात, की ती रक्कम परत मिळते.

हे ठाऊक असते, तर त्या शुक्रवारी आमचे ३ हजार वाचले असते. आणि मनही खाल्ले नसते.

निघण्यापूर्वी घरीच करायची तयारी

पोलिसाशी गाठ नाक्यावर पडते. पण तिची तयारी घरीच करावी लागते. कच्चे कागद म्हणजे कुंपण मोडलेले शेत. वाटेचे गुरू आत शिरणारच.

कामाचा परवाना पक्का आहे ना, ते स्वतः पाहा. पुष्कळ ठिकाणी मुकादम किंवा कंपनी सांगते, “फिरायला आलो असं सांगा आणि काम करा.” असे कधी करू नका. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाची जुनी पद्धत बंद केली. आता निघण्याआधी इंटरनेटवर अर्ज करून येण्याची परवानगी काढतात. पण देशात येण्याची परवानगी निराळी आणि काम करण्याची परवानगी निराळी. थोड्या दिवसांच्या कामालाही वेगळा पास लागतो. तो नसेल आणि तुम्ही पाना हातात धरून पकडले गेलात, तर चूक तुमची ठरते. मग लाच मागणाऱ्याचे फावते.

पासपोर्टच्या आणि परवान्याच्या दोन-दोन प्रती काढा. एक घरी ठेवा, एक सामानात. फोटो मोबाईलमध्येही ठेवा. मूळ पासपोर्ट तुमच्या ताब्यात असू द्या. पासपोर्ट हा भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो कोणाकडे गहाण ठेवता येत नाही. मालकाने किंवा पोलिसाने ‘पैसे द्या आणि घेऊन जा’ म्हटले, तर ते बेकायदा आहे.

कंपनीला विचारा, “अडचण आली तर फोन कोणाला करायचा? वकील कोण देणार? त्याचा खर्च कोण करणार?” उत्तर लिहून घ्या. काही कंपन्या म्हणतात, “द्या थोडे, किरकोळ खर्चात टाकू.” कंपनीच्या वहीत तो किरकोळ खर्च होईल. गुन्हा मात्र देणाऱ्याच्या अंगावर राहील.

तिथले लहानसहान नियम अगोदर समजून घ्या. केनियात २०१७ सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपण सवयीने लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेतो. तिथे ती पिशवी वापरणे हा गुन्हा आहे. नैरोबीत भर रस्त्यात विडी-सिगारेट ओढता येत नाही. सरकारी इमारतींचे आणि पोलिसांचे फोटो काढू नयेत. मोटारीत बसल्यावर मागच्या माणसानेही पट्टा बांधावा. अशा लहान चुकांवरच लाचखाऊ माणूस टपलेला असतो.

पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी निदान १० दिवस टोचून घ्या. तिचे पिवळे कार्ड मिळते. ते केनियाहून परत येताना आपल्या देशात विचारतात.

नाक्यावर कसे वागावे?

पोलिसाने हात दाखवला की गाडी थांबवा. पळू नका. हात दिसतील असे ठेवा. हसून नमस्कार करा. स्वाहिलीत ‘जांबो’ म्हटले की पुरे. बहुतेक वेळा काम तेवढ्यावरच भागते. सगळे पोलीस लाच खात नाहीत, हेही लक्षात असू द्या. आम्हांला सोडले तेही पोलिसानेच.

कागद मागितले तर दाखवा. वाद घालू नका. आवाज चढवू नका. “मी अमक्याला ओळखतो” अशी फुशारकी मारू नका. तोंडावर मोबाईल धरून चित्र काढू नका.

त्याने गुन्हा झाला म्हटले, तर शांतपणे विचारा, “कोणता नियम मोडला? दंड कुठे भरायचा? पावती कोण देईल?” चूक तुमची असेल तर कबूल करा आणि दंड रीतीप्रमाणे भरायची तयारी दाखवा. घाई दाखवू नका. तुमच्या घाईवर त्याचा धंदा चालतो. ज्याला विमान गाठायचे आहे तो लवकर पैसे काढतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून प्रवासाला निघताना दोन तास हाताशी राखून निघा. तिथे म्हणतात, ‘पोले पोले’. म्हणजे हळूहळू, सावकाश.

आपणहून नोट पुढे करू नका. तो तुमच्यावरच लाच दिल्याचा गुन्हा ठेवील.

त्याच्याकडे नीट पाहा. तिथल्या कायद्याप्रमाणे गणवेशातल्या पोलिसाच्या अंगावर नाव किंवा नंबर दिसला पाहिजे. तो वाचा आणि मनात ठेवा. साध्या कपड्यातला माणूस ‘मी पोलीस’ म्हणाला, तर ओळखपत्र पाहायला मागा. त्याच्या खाजगी मोटारीत बसू नका. “जवळच्या ठाण्यावर चला, आम्ही मागून येतो,” म्हणा.

ठाण्यावर कसे वागावे?

केनियाच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात एक नोंदवही असते. ठाण्यात काय घडले, कोण आले, कोणी तक्रार केली, ते तिच्यात लिहितात. प्रत्येक नोंदीला नंबर पडतो. तुमची नोंद करायला सांगा आणि तो नंबर मागून घ्या. मंगळवारी आमच्या शिपायाला ठाण्याची भीती नव्हती. ठाणे त्याचेच होते. ‘वहीत नोंद करा’ म्हटल्यावर मात्र तो बिचकला. वहीत लिहिले की वरचा साहेब वाचतो. मग विचारतो, “याला कशासाठी आणलं?”

तुम्हांला वाचता येत नाही अशा कागदावर सही करू नका. हे फार महत्त्वाचे आहे. मराठी वाचता येते, पण इंग्रजी येत नाही, तर तसे सांगा. “समजावून सांगा, मग सही करतो,” म्हणा. खटला उभा राहिला, तर कोर्टात दुभाषा फुकट मिळण्याचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट, आपल्या वकिलातीला कळवायला सांगा. केनियात तिला हाय कमिशन म्हणतात. भारताचे हाय कमिशन नैरोबीत आहे. १९६३ साली व्हिएन्ना शहरात देशादेशांमध्ये एक करार झाला. परदेशी माणसाला अटक झाली, तर ‘तुझ्या वकिलातीला कळवू का?’ असे त्याला विचारले पाहिजे, आणि तो हो म्हणाला तर विनाविलंब कळवले पाहिजे, असे त्यात ठरले. भारत आणि केनिया दोघांनीही तो करार मानला आहे.

वकिलातीचे लोक तुम्हांला भेटू शकतात. घरी निरोप देऊ शकतात. वकिलांची नावे सांगू शकतात. तुम्हांला मारहाण होत नाही ना, हे पाहू शकतात. पण ते तुम्हांला कोठडीतून ओढून काढू शकत नाहीत. तुमचा दंडही भरत नाहीत. खोटी आशा नको, म्हणून हे सांगितले. परदेशातल्या आपल्या माणसांच्या तक्रारींसाठी भारत सरकारने २०१५ साली ‘मदद’ नावाची सोय इंटरनेटवर केली आहे. घरची माणसेही तिथे तक्रार नोंदवू शकतात.

जीव पहिला

आता एक गोष्ट नीट ऐका. रात्रीची वेळ आहे. रस्ता निर्मनुष्य आहे. समोरच्याच्या हातात बंदूक आहे आणि तो दारू प्यायलेला आहे. तिथे कायदा शिकवत बसू नका. मागेल ते देऊन टाका आणि निघा. ती लाच नव्हे, ती लूट आहे. पैसा पुन्हा मिळवता येतो. घरी वाट पाहणारी माणसे आहेत.

मात्र सुखरूप पोहोचल्यावर गप्प बसू नका. जागा, वेळ, गाडीचा नंबर, माणसाचे वर्णन, त्याच दिवशी लिहून काढा. कंपनीला आणि हाय कमिशनला कळवा. तिथे पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला २०११ सालच्या कायद्याने एक स्वतंत्र मंडळ नेमले आहे. लाचेच्या तक्रारींसाठी वेगळा आयोग आहे. त्यांचे पत्ते आणि नंबर निघण्यापूर्वीच मिळवून ठेवा. जिवावर बेतले तर पोलिसांच्या मदतीचा नंबर ९९९ आहे.

तक्रारीने काय होणार?

“दादा, तक्रार करून काय होतं? सगळे सामील असतात,” असे आमचा जोडीदार म्हणाला होता. आम्हांलाही तसेच वाटे. पण एक हकीकत ऐका.

केनियात २०१३ सालच्या अखेरीस पोलीस अधिकाऱ्यांची तपासणी सुरू झाली. एकेकाला बोलावून त्याच्या मालमत्तेचा हिशेब विचारू लागले. तिथे २००७ सालापासून मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय आहे. त्या पैशांची नोंद राहते. काही अधिकाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर हाताखालच्या माणसांकडून पुन्हा पुन्हा पैसे आलेले दिसले. “हे कसले पैसे?” असे विचारले. नीट उत्तर देता आले नाही. काहींच्या नोकऱ्या गेल्या.

पाहा बरे! ज्यांना कोणी हात लावू शकत नव्हते, त्यांना लिहिलेल्या ओळींनी पकडले.

लाच लिहिलेल्याला भिते. पावती, नोंद, तारीख, नाव, नंबर, यांच्यापुढे तिला उभे राहता येत नाही. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. ही विद्या नुसती पोथी वाचायला किंवा पत्र लिहायला नाही. परमुलखात एकटे सापडलात, तर हीच पाठीराखी होते. कागद वाचा. नाव वाचा. नंबर लिहून घ्या. न वाचता सही करू नका.

आमचा जोडीदार आता पुन्हा परदेशी जातो. बहिणीचे लग्न पार पडले. त्याच्या खिशात एक लहान वही असते. तिच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आहेत. तुम्हीही लिहून ठेवा:

कागद पक्के ठेवीन.
घाई करणार नाही.
पावती मागेन.
वहीत नोंद करायला सांगेन.